दुसरं पत्र हातात असताना

आमच्या थोरल्या लेकीला यंदा जानेवारीत एका छोट्या विमान कंपनीचं नोकरीचं पत्र आलं, आणि चारच दिवसांनी एका मोठ्या कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं. पत्राला उत्तर द्यायची मुदत शुक्रवारची. मुलाखत त्याआधीच्या मंगळवारी. मोठ्या कंपनीचा निकाल कधी लागेल हे कुणीच सांगत नव्हतं. तेव्हा प्रश्न असा पडला की, मंगळवारी मुलाखतीत तिनं हातात एक पत्र आहे हे सांगावं की नाही?

ऐकायला एवढासा प्रश्न. पण आमच्या घरात त्यावर सहा दिवस खल चालला. इशाच्या नमाजनंतर जेवणं व्हायची आणि दस्तरखान उचलायच्या आत पुन्हा तेच सुरू. आमच्यासारखी आणखी कितीतरी घरं असतील, जिथं पहिल्यांदाच कुणीतरी अशा पेशात जातंय आणि विचारायला जवळचं माणूस नाही. म्हणून हे सगळं मांडून लिहावंसं वाटलं.

आधी आमची परिस्थिती सांगतो. भुशी धरणाच्या रस्त्याला आमची गाडी आहे. पावसाळ्यात कांदाभजी, चहा, भाजलेलं कणीस. बाकीच्या महिन्यांत घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. 30 जून 2024 रोजी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलं होती. अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्यानंतर संध्याकाळच्या गर्दीवर निर्बंध आले, आणि ते यायलाच हवे होते. पण आमचा संध्याकाळचा धंदा तेव्हापासून निम्म्यावर आला, हेही खरं आहे. लेकीच्या शिक्षणासाठी व्याजाचं कर्ज काढायचं नाही हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं. वाडवडिलांची तीन गुंठे जागा होती, ती विकली. कमी पडले ते मामूंनी, म्हणजे लेकीच्या मामांनी, कर्ज-ए-हसना म्हणून दिले. मामूंच्या दोन जीपगाड्या आहेत, टायगर पॉइंटला पर्यटक नेतात. त्यामुळे या चर्चेत मामूंचा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि तसा असण्याचा त्यांना हक्कही होता.

विमान चालवायचा व्यावसायिक परवाना म्हणजे काय असतं, ते आम्हालाही चार वर्षांपूर्वी ठाऊक नव्हतं. आधी वैद्यकीय तपासणी. मग डीजीसीएच्या लेखी परीक्षा: हवाई नियम, दिशाशास्त्र, हवामान, विमानाचं तांत्रिक ज्ञान. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. आणि 200 तासांचं उड्डाण. आपल्या महाराष्ट्रात बारामती, शिरपूर, धुळे, गोंदिया, नागपूर इथं हे शिकता येतं. आमची लेक बारामतीला होती. पाऊस, धूसर हवा, विमान दुरुस्तीला गेलेलं, अशी एकेक कारणं निघत गेली आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त काळ लागला. परवाना हातात आला म्हणजे नोकरी आली असं नाही. मोठं प्रवासी विमान चालवायला त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं, त्याला टाइप रेटिंग म्हणतात, आणि त्याचा खर्चही लाखांत जातो. शिवाय घरी बसून राहिलं तर वैद्यकीय तपासणी दर वर्षी, उपकरणांवर उडण्याची चाचणी दर वर्षी, आणि हात बसलेला राहावा म्हणून अधूनमधून पैसे भरून उड्डाण. वाट पाहणं फुकट नसतं. परवाना मिळून चौदा महिने लेक घरी होती. सकाळी पुस्तकं आणि दुपारी गाडीवर कणसं भाजणं.

तर ते छोट्या कंपनीचं पत्र. विमान एटीआर, पंख्यांचं, सत्तरेक प्रवाशांचं. जळगाव, सिंधुदुर्ग अशा छोट्या विमानतळांवर जाणारं. टाइप रेटिंगचा खर्च कंपनी करणार, त्याबदल्यात पाच वर्षांचा करार. मध्येच सोडलं तर ठरलेली रक्कम भरायची. मोठ्या कंपनीकडे एअरबस ए-320. पगार जास्त, विमानं शेकड्यांनी.

मामूंचं म्हणणं सरळ होतं. ‘बेटा, सांगायचंच. एक पत्र खिशात आहे म्हटलं की समोरच्याला कळतं, ही पोरगी कामाची आहे. त्यांनाही घाई होते.’ जीपच्या धंद्यात त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलंय. हॉटेलवाल्याला कळलं की दुसऱ्या हॉटेलनं आपल्याला गाडीसाठी विचारलंय, तर तो लगेच हो म्हणतो.

पुण्यात मुलाखतीची तयारी करून घेणारे एक सर आहेत. लेक त्यांच्याकडे चार तास जाऊन आली. त्यांनी नेमकं उलट सांगितलं. अर्ज दुसरीकडे केलाय का असं विचारलं तर नाही म्हण. तुमचीच कंपनी हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न, असं म्हण. सगळे हेच म्हणतात.

आमच्यापैकी एकाला मामूंचं पटत होतं आणि दुसऱ्याला त्या सरांचं. कुणाला काय, ते लिहीत नाही. घरात अजून त्यावरून टोमणे चालतात.

मधल्या एका दुपारी गाडीवरच एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे दिवसातून दहा गिऱ्हाईकं तरी म्हणतात, ‘पलीकडच्या गाडीवर कणीस दहानं स्वस्त आहे.’ आम्हाला पलीकडच्या गाडीचा भाव पाठ असतो. खोटं बोलणारा लगेच कळतो, आणि त्याला आम्ही हसून म्हणतो, ‘मग तिथूनच घ्या.’ खरं बोलणाराही असतो. पण आमचा भाव पाटीवर लिहिलेला आहे. त्याच्यासाठी कमी केला तर मागच्या चौघांना काय सांगायचं? म्हणजे पलीकडचा भाव खरा असो की खोटा, आमच्याकडे त्या वाक्याचा उपयोग शून्य.

लेकीनं हे ऐकलं आणि म्हणाली, ‘अब्बा, तिकडेही पाटीच आहे.’ आणि तिनं जे समजावलं ते आम्हाला तरी नवीन होतं. इतर नोकऱ्यांत दुसऱ्या कंपनीचं पत्र दाखवून पगार वाढवून घेतात. इंजिनिअर, मॅनेजर, हिशेबनीस, सगळे करतात. वैमानिकाच्या नोकरीत, निदान नव्यानं लागणाऱ्याच्या बाबतीत, ते चालत नाही. पगाराचा तक्ता ठरलेला असतो. सहवैमानिक म्हणून एका तुकडीत वीस जण घेतले तर वीसही जणांना तोच पगार. पुढे कॅप्टन कधी व्हायचं, कुठल्या शहरात राहायला मिळायचं, रजा कुणाला आधी, यांत ज्येष्ठता पाहिली जाते, आणि ज्येष्ठता रुजू झालेल्या तारखेवरून. मुलाखत घेणारे कॅप्टन असतात. त्यांच्या हातात पगार नसतोच. मग त्यांच्यासमोर दुसरं पत्र फडकवून मिळवायचं काय? फार तर निकाल थोडा लवकर. आणि निकालाची तारीखही त्यांच्या हातात नसते, ती एचआरच्या हातात.

मामू म्हणाले, ‘मग नुकसान तर नाही ना?’

नुकसान होऊ शकतं, आणि त्याला कारण आहे. आपल्या देशात गेल्या काही वर्षांत वैमानिक आणि विमानातले कर्मचारी एका कंपनीतून दुसरीकडे जाण्यावरून मोठी प्रकरणं झालीत. 2 जुलै 2022 रोजी इंडिगोची निम्म्याहून जास्त देशांतर्गत विमानं उशिरा सुटली. बरेच कर्मचारी आजारपणाची रजा टाकून एअर इंडियाच्या भरतीला गेले होते, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. सप्टेंबर 2023 मध्ये अकासा एअर न्यायालयात गेली. 43 वैमानिक नोटीसचा काळ न भरता निघून गेले आणि उड्डाणं रद्द करावी लागली, अशी तिची तक्रार होती. डीजीसीएनं 2017 मध्येच नियम केलाय की सहवैमानिकानं सहा महिने आणि कॅप्टननं एक वर्ष आधी नोटीस द्यावी. इतक्या लांब नोटीसचा दुसरा पेशा आम्हाला तरी माहीत नाही. वैमानिक संघटनांना हा नियम जाचक वाटतो, आणि त्यांचंही चूक नाही. गुलामी नको म्हणणाऱ्या माणसाला वर्षभर थांबवून ठेवायचं हे कसं? पण कंपनीच्या बाजूनं पाहिलं तर एका वैमानिकाला तयार करायला महिने जातात, आणि तो सकाळी आला नाही तर एकशेऐंशी माणसं विमानतळावर अडकतात. तेव्हा समोर बसलेला कॅप्टन मनात एक गोष्ट तपासत असतो की ही टिकेल का? ज्या उमेदवारानं न विचारता दोनदा दुसऱ्या कंपनीचं नाव घेतलं, त्याच्याबद्दल तो काय लिहील, हे सांगायला नको.

दुसऱ्या बाजूला, जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला बंद पडली आणि गो फर्स्ट मे 2023 मध्ये. तिथल्या वैमानिकांनी निष्ठेनं वाट पाहिली, त्यांचे पगार थकले. म्हणून दोन ठिकाणी अर्ज करणं यात बेइमानी नाही. कंपन्याही एका जागेसाठी पन्नास जणांना बोलावतात. हे आम्ही लेकीला आधीच सांगितलं, कारण तिच्या मनात थोडी अपराधाची भावना होती.

राहिला प्रश्न विचारल्यावर नाही म्हणण्याचा. इथं आमच्या अम्मींनी, म्हणजे लेकीच्या दादींनी, तोंड उघडलं. अम्मींचे सासरे रेल्वेत फायरमन होते. हे भुशीचं धरणही मुळात रेल्वेनं आपल्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. त्या काळी एक नोकरी लागली की मरेपर्यंत तीच. दोन पत्रं हातात असण्याचा प्रश्न त्या पिढीला पडलाच नाही. पण अम्मींनी मदयनची गोष्ट काढली. हजरत मूसा (अ.) परमुलखात, थकलेले, झाडाखाली बसलेले. ज्या मुलींच्या जनावरांना त्यांनी पाणी पाजलं त्यांतली एक बापाला सांगते की यांना कामावर ठेवा, आणि कामावर ठेवायला चांगला माणूस कोणता तर बळकट आणि अमानतदार, या दोन गोष्टी ती सांगते. मग करार होतो, आठ वर्षांचा, मर्जी असेल तर दहा. सूरह कससमध्ये हे सगळं आहे. अम्मी म्हणाल्या, ‘उड्डाणाचे 200 तास म्हणजे बळकटपणा झाला. दुसऱ्याचं काय?’

आम्हाला एक गोष्ट आणखी आठवली. बाजारात खरेदी करायची नसताना नुसती किंमत चढवायला बोली लावणं, त्याला नजश म्हणतात आणि हदीसमध्ये त्याला मनाई आहे. नसलेलं पत्र आहे म्हणून सांगणं ही उघड नजश झाली. मामूंनी एका क्षणी म्हटलंही होतं की दोन पत्रं आहेत म्हणून सांग. ते गमतीनं म्हणाले होते, असं आम्ही धरून चालतो. पण असलेलं पत्र नाही म्हणणं, हेही त्याच्याच शेजारचं घर. शिवाय विमानाच्या जगात खोट्याची किंमत वेगळी आहे. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिका देऊन परवाने मिळवल्याची प्रकरणं उघडकीस आली आणि वैमानिकांना अटक झाली. लॉगबुकात एक तास खोटा लिहिला तर आयुष्यभराची वाट बंद. कॉकपिटमध्ये चूक झाली तर ती शेजारच्याला तिथल्या तिथे सांगायची, हे त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवतात. त्याच माणसाला मुलाखतीत सोयीचं खोटं बोल म्हणून शिकवायचं, हे आम्हाला जमेना. अम्मी त्यांच्या भाषेत म्हणाल्या, ‘सच बोलनेकू इतना सोचना पडता क्या?’

बारामतीच्या प्रशिक्षकांनी लेकीला एकदा सांगितलेली एक हकिगत तिनं त्या रात्री सांगितली. 1929 मध्ये आगाखानांनी बक्षीस लावलं होतं: इंग्लंड आणि भारत यांच्यामधलं अंतर एकट्यानं उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला 500 पौंड. जेआरडी टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. दोघांची वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरला गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याकडचा जादा प्लग त्यांना दिला. शर्यत अस्पींनी जिंकली, आणि पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले. मामू म्हणाले, ‘टाटांना 500 पौंडांची काय कमी!’ हेही खरंच.

शेवटी सोमवारी रात्री ठरलं ते असं. आपणहून काढायचं नाही. विचारलं तर एका वाक्यात खरं सांगायचं: पत्र आहे, सही केलेली नाही, उत्तराची मुदत अमुक. कंपनीचं नाव विचारलं तर सांगायचं. पगार सांगायचा नाही. तुलना करायची नाही. आणि मुदतीबद्दल जे बोलायचं ते मुलाखतीनंतर एचआरला लेखी.

मुलाखतीत विचारलंच. तांत्रिक प्रश्न संपल्यावर एका कॅप्टन साहेबांनी कागद खाली ठेवून विचारलं, आणखी कुठे निवड झालीय का? लेकीनं ते वाक्य सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, मग इथे कशाला आलात? या प्रश्नाची तयारी आम्ही कुणीच केली नव्हती. मामूंनी नाही, सरांनी नाही. लेक म्हणाली, ‘सर, मला दोन्हीकडे काम करता येईल असं मला वाटतं. तुमच्याकडे मोठी विमानं आहेत आणि पुढे शिकायला जास्त वाव आहे. पण तिकडे सही केली तर मी तिथे पाच वर्षं राहीन, म्हणून सही करायच्या आधी आले.’ ते काही बोलले नाहीत. लिहून घेतलं.

मंगळवारी संध्याकाळी तिनं एचआरला ईमेल केला: शुक्रवारपर्यंत कळू शकेल का? बुधवारी उत्तर आलं की प्रक्रिया तिच्या वेळेनं होईल. छोट्या कंपनीला तिनं आणखी एक आठवडा मागितला. त्यांनी सोमवारपर्यंत दिला. शनिवारी रात्री तिनं इस्तिखारा केला. रविवारी घरात कुणी कुणाशी फार बोललं नाही. सोमवारी सकाळी अकरा वाजता तिनं सही करून पत्र पाठवलं. खरं तर त्या दिवशीही आम्हा दोघांना वाटत होतं की दोन दिवस आणखी थांबता आलं असतं तर. पण हातातलं सोडून चौदा महिन्यांचे अठ्ठावीस करायची आमची ऐपत नव्हती, आणि ते सगळ्यांनाच कळत होतं.

मे महिन्यात मोठ्या कंपनीचं पत्र आलं.

तोवर लेकीचं वर्गातलं प्रशिक्षण संपून सिम्युलेटर सुरू झालं होतं. कंपनीचे पैसे खर्च व्हायला लागले होते. मामू रात्री दहा वाजता घरी आले, कागद-पेन घेऊन. करार मोडल्याची रक्कम अमुक, पगारातला फरक महिन्याला तमुक, म्हणजे इतक्या महिन्यांत फिटेल. उरलेली दहा-बारा वर्षं नफाच नफा. हिशेब बरोबर होता. आम्ही दोनदा तपासला. करारात रक्कम भरून बाहेर पडण्याची वाट लिहिलेली असते, ती वापरणं म्हणजे वचनभंग का, यावर त्या रात्री वाद झाला, आणि आमच्या मते तो वाद खरा आहे. मशिदीतल्या मौलाना साहेबांना विचारलं. ते म्हणाले, अट दोघांनी मान्य केलेली असेल तर तिच्याप्रमाणे बाहेर पडणं नाजायज म्हणता येणार नाही; पण सही करताना तुझ्या मनात काय होतं, ते तुला माहीत.

आम्ही लेकीला फोन केला आणि दोन्ही बाजू सांगितल्या. निर्णय तुझा, म्हणालो. ती म्हणाली, ‘अम्मी, त्या कॅप्टन साहेबांना मी काय सांगितलं होतं? तिकडे सही केली तर पाच वर्षं राहीन. त्यांच्याच कंपनीत जाऊन ते खोटं कसं करू?’ तिनं त्यांना दोन ओळींचं उत्तर पाठवलं: आभार, मी दुसरीकडे रुजू झाले आहे. त्यावर त्यांच्या एचआरकडून एक ओळ आली, पुढे कधी जागा निघाल्यास अर्ज करावा. असं सगळ्यांनाच लिहीत असतील.

ऑगस्टपासून ती प्रवासी विमानात उजव्या खुर्चीवर बसते. एटीआर दिवसाला चार-चार, कधी सहा फेऱ्या करतं, त्यामुळे उतरण्याचा सराव भरपूर होतो असं ती म्हणते. कॅप्टनच्या परवान्यासाठी लागणारे 1500 तास त्या गतीनं केव्हा भरतील याचा हिशेब मामूंनी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मांडून ठेवलाय. तिनं पहिल्या पगारातून त्यांच्या कर्जाचा पहिला हप्ता दिला, तो त्यांनी मोजून घेतला आणि वर म्हणाले, तिकडे असती तर दीडपट मिळाला असता. त्यांचं मत काही बदललेलं नाही.